रिसेंटमधली अ‍ॅप्स पुसून फोन थंड होणार नाही

तुमची अडचण थोडक्यात अशी: चंद्रपूर जिल्ह्यात फिरतीची नोकरी, अँड्रॉइड फोन दोन वर्षांचा, दुपारी पाठीमागून हाताला चटका बसेल इतका तापतो आणि सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी चार वाजता मान टाकते. उपाय म्हणून तुम्ही दर तासाला रिसेंटच्या यादीतली सगळी अ‍ॅप्स वर सरकवून काढता आणि आता एखादं क्लीनर अ‍ॅप घ्यावं का, असं विचारताय.

क्लीनर घेऊ नका. आणि ते दर तासाचं पुसणंही आजपासून बंद करा.

रिसेंटच्या यादीत दिसणारं प्रत्येक अ‍ॅप चालू असतं, हा समज फार खोल रुजलाय. ती यादी म्हणजे तुम्ही अलीकडे काय काय उघडलं होतं याची नोंद. त्यातली बहुतेक अ‍ॅप्स रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, नुसती पडून असतात, प्रोसेसर त्यांच्याकडे बघतही नाही. रॅम भरलेली असो की रिकामी, तिला वीज जवळपास तेवढीच लागते. उलट तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप पुसून दहा मिनिटांनी पुन्हा उघडता, तेव्हा ते स्टोरेजमधून पहिल्यापासून चढवावं लागतं आणि त्यात प्रोसेसरला जास्त काम पडतं. बॅटरीसाठी अ‍ॅप्स अशी पुसावी लागतात का, हा प्रश्न 2016 च्या मार्चमध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलच्या टिम कुकना ईमेलने विचारला होता. अ‍ॅपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी अशी गरज नाही असं स्पष्ट कळवलं. त्याच सुमारास अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही आपल्या बाजूने तेच सांगितलं, वर असं केल्याने किंचित नुकसानच होऊ शकतं असंही म्हटलं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये तर असं पुसलेलं अ‍ॅप पूर्ण बंद पडतं, मग अलार्म वाजत नाही, ऑफिसचा मेसेज उशिरा येतो. क्लीनर अ‍ॅप हेच काम स्वतः पार्श्वभूमीला जागं राहून करतं आणि वर जाहिराती आणतं.

मग फोन तापवतं कोण? जे अ‍ॅप फोनला झोपू देत नाही ते.

स्क्रीन बंद झाली की प्रोसेसरने झोपायचं असतं. 2015 च्या अँड्रॉइड 6 मध्ये यासाठी डोझ नावाची सोय आली. फोन पडून असेल तर अ‍ॅप्सची कामं अडवून धरायची आणि मधूनमधून एकदाच सगळी उरकू द्यायची. पुढच्या वर्षी अँड्रॉइड 7 मध्ये तिचं सौम्य रूप खिशात हलणाऱ्या फोनलाही मिळालं. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून तर तुम्ही क्वचित उघडता त्या अ‍ॅप्सना कमी वेळा जागं होऊ दिलं जातं. म्हणजे निमूट पडलेली तीस अ‍ॅप्स तुम्हाला छळत नाहीत. छळतं ते सतत लोकेशन घेणारं, फोटो-व्हिडिओ वर चढवत राहणारं किंवा स्वतःच्याच बिघाडामुळे गोल गोल फिरत बसलेलं एखादं अ‍ॅप. एकच अ‍ॅप काय करू शकतं हे 2023 च्या सप्टेंबरात जगाने पाहिलं. नवे आयफोन 15 प्रो तापू लागले. अ‍ॅपलने जी कारणं दिली त्यात आयओएस 17 या आयफोनच्या सिस्टिममधली चूक होती, तशी इन्स्टाग्राम, उबर आणि अस्फाल्ट 9 हा गेम ही अ‍ॅप्स प्रोसेसरवर भलताच भार टाकत असल्याचंही सांगितलं होतं. इन्स्टाग्रामने अपडेट देऊन आपली चूक सुधारली, आयओएसची दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये आली.

तुमच्या बाबतीत मला पहिला संशय ऑफिसच्या हजेरी-ट्रॅकिंग अ‍ॅपवर आहे. ज्याची सूचना दिवसभर वर चिकटून राहते, तेच बघा. असं अ‍ॅप डोझला जुमानत नाही. त्यात तुम्ही ताडोबाच्या बाजूच्या गावांतून फिरता. टॉवर लांब असला की मोडेमला, म्हणजे फोनच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाला, जास्त ताकदीने ओरडावं लागतं, सिग्नल गेला की पुन्हा पुन्हा शोधावं लागतं. त्याच वेळी हे अ‍ॅप लोकेशन पाठवायला बसलेलं असतं. शहरात जे काम बॅटरीला जाणवतही नाही, ते तिथे तिला पिळून काढतं. नोकरीचं अ‍ॅप तुम्ही बंद करू शकणार नाही, पण लोकेशन किती वेळाने पाठवायचं हे बहुधा ऑफिसला ठरवता येतं. ते वाढवून मागा. स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन कामासाठी झिजवताय, एवढं विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आता बॅटरीच्या तब्येतीकडे येतो, कारण हा भाग लोक सोडून देतात. बॅटरी लवकर उतरणं वेगळं आणि कायमची म्हातारी होणं वेगळं. उतरलेली बॅटरी रात्री भरते, झिजलेली भरून येत नाही. लिथियम-आयन बॅटरीत ऋण इलेक्ट्रोडवर एक पातळ थर असतो. तो हळूहळू जाड होतो आणि त्यात वापरण्याजोगं लिथियम अडकत जातं. उष्णता वाढली की हे जोरात होतं, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असली की आणखी जोरात. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावरच्या तक्त्यात, 40 टक्के भरलेली बॅटरी 25 अंशांत वर्षभर ठेवली तर तिची 96 टक्के क्षमता उरते. तीच 100 टक्के भरून 40 अंशांत ठेवली तर उरते 65 टक्के. मधला फरक वापराचा नाही, नुसता उष्णतेचा आणि भरलेपणाचा आहे.

अ‍ॅपल सांगतं की आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, त्यावर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते. चंद्रपूरचा मे महिना 45 च्या पुढे जातो. बाइकच्या होल्डरवर उन्हात लावलेला फोन, मॅप चालू, ट्रॅकिंग चालू, आणि शेजारी बाइकच्या सॉकेटवरून चार्जिंग. बॅटरीला याहून वाईट दिवस नाही. पार्श्वभूमीतल्या अ‍ॅपची उष्णता एरवी फारसं बिघडवत नाही. ती ऊन आणि चार्जिंग यांच्यावर येऊन पडते तेव्हा घात करते.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये बॅटरी वापराचं पान उघडा. टक्क्यांपेक्षा अ‍ॅप पार्श्वभूमीला किती वेळ होतं ते बघा. तुम्ही दोन मिनिटं उघडलेलं अ‍ॅप मागे तीन तास चाललेलं दिसलं, तर चोर सापडला. खरेदीची, कर्जाची, खेळांची अ‍ॅप्स सरळ ‘रिस्ट्रिक्टेड’ करा, म्हणजे त्यांचं पार्श्वभूमीला चालणं अडेल. व्हॉट्सअ‍ॅप, घड्याळ, बँक यांना हात लावू नका. लोकेशनची परवानगी बहुतेकांना ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ एवढी पुरते. गावांत 5जीची चढउतार होत असेल तर 4जीवर ठेवा. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर.

चार्जिंग मात्र सावलीत, थांबल्यावर, कव्हर काढून. फोनमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावा आणि उन्हाळाभर काढू नका. दिवसात दोनदा थोडं थोडं भरलेलं चालतं. रात्री बॅकअप आणि चार्जिंग एकत्र होत असतील तर फोन उशीखाली नको, टेबलावर उघडा ठेवा. फार तापला तर एअरप्लेन मोड लावून सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये कधीही नको, आत दव धरतं. सिस्टिम अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन कोमट राहतो, ते बिघाडाचं लक्षण नाही.

एक गोष्ट आजच बघा. पाठीमागचं झाकण फुगलंय का, स्क्रीन एखाद्या कडेला उचलली गेलीय का? असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू-दाबू नका, थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. नसेल, तर बॅटरी वापराच्या पानाचे दोन स्क्रीनशॉट इथे टाका, एक दुपारचा आणि एक रात्री झोपण्याआधीचा. ट्रॅकिंग अ‍ॅपवरचा माझा संशय खरा की खोटा, ते त्यावरून कळेल.