बांगड्यांचा धूर आणि जाऊबाईंचा प्रश्न

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. अक्षर वळणदार, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडायची नाही. थोडक्यात देते :

‘ताई, मी ६३ वर्षांची. सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. यजमान हयात नाहीत. एकुलता एक मुलगा २०१९ मध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनला गेला. लॉजिस्टिक्स कंपनीत सुपरवायझर आहे, असं तो सांगायचा. मीही गावात तेच सांगत आले. गेल्या एप्रिलमध्ये तीन महिन्यांसाठी गेले, तेव्हा कळलं की गोदामात रात्रपाळीला खोकी भरतो. राहायला वरच्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणखी दोन बिऱ्हाडांबरोबर. मला पलंग देऊन स्वतः खाली गादी टाकायचा. दुपारी एकला गरम भात वाढून मी त्याला उठवायचे, तर ताटावर बसून पेंगायचा. एक दिवस बांगडे तळले. धुराचा भोंगा वाजला, सगळं घर गोळा झालं आणि सगळ्यांदेखत माझा बाबू माझ्यावर ओरडला, “आई, हांगा बांगडे भाजूं नाका म्हणून सांगिल्लें मगे!” (इथे बांगडे तळू नकोस म्हणून सांगितलं होतं ना!) पाच आठवड्यांत परत आले. शेजारी सांगितलं, पावसाआधी कौलं परतायची होती. आता तो पुन्हा बोलावतोय. मनापासून की आपलं कर्तव्य म्हणून? जाऊबाई विचारतात, एवढं शिकवून काय मिळवलं? त्याला सरळ परत ये म्हणू का?’

बाई,

आधी त्या एक वाजताच्या भाताचं बघू. तुम्ही तो पत्रात प्रेमाचा पुरावा म्हणून लिहिलाय आणि तो आहेही. पण रात्रभर उभं राहून सकाळी घरी येणारा मुलगा आठ-नऊला अंथरुणाला पाठ टेकतो. त्याची दुपारची एक म्हणजे तुमची मध्यरात्र. पाच आठवडे रोज कुणी तुम्हाला रात्री दोनला हलवून उठवलं असतं आणि समोर वाफाळता भात ठेवला असता, तर तुम्ही काय केलं असतं? तो एकदाही ‘उठवू नकोस’ म्हणाला नाही. उठला, बसला, पेंगला, जेवला. बांगड्यांच्या दिवशी जे बाहेर पडलं ते बांगड्यांचं नव्हतंच, महिनाभराच्या झोपेचं होतं.

भोंग्याचंही सांगते. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म बसवणं घरमालकाला कायद्यानं भाग आहे. आपल्या स्वयंपाकघरातला धूर कौलांतून निघून जातो. तिथे खिडक्या थंडीसाठी बंद, जमिनीवर गालिचे आणि तव्यावर तेल तापलं की यंत्र कोकलतं. वर तीन बिऱ्हाडांचा सामायिक ओटा. तक्रार मालकापर्यंत गेली तर खोली जाईल, ही भीती त्याच्या पोटात, आणि ती त्यानं तुम्हाला सांगितलेली नाही. तरीही आईवर चारचौघांत ओरडणं चूकच. तो त्याबद्दल माफी मागेल तेव्हा ‘जाऊ दे रे’ म्हणून तोंड फिरवू नका. ऐकून घ्या.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. मनापासून बोलावतोय का?

मला तर वाटतं, पहिल्यांदाही मनापासूनच बोलावलं होतं. जरा विचार करा. पाच-सहा वर्षं तो सुपरवायझर म्हणून सांगत होता. हे झाकूनच ठेवायचं असतं तर सोपं होतं : यंदा रजा नाही, यंदा व्हिसा कठीण, पुढच्या वर्षी बघू. असं म्हणत दहा वर्षं काढलेली मुलं मला ठाऊक आहेत. त्यानं मात्र तुम्हाला बोलावलं आणि त्या एका खोलीत आणून बसवलं. तोंडानं सांगायला जमेना म्हणून डोळ्यांनी बघ म्हणाला. तुम्ही बघितलंत, आणि काय बोललात त्याला? पत्रात त्याचा एक शब्द नाही. तुम्ही नोकरीबद्दल काही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. भात वाढलात, मग तिकीट बदललंत.

आणि घरी येऊन कौलांचं कारण सांगितलंत.

बाई, इथे मला तुमचा कान धरायचाय. तुमच्या शाळेतल्या एखाद्या पोरानं गृहपाठ झाला नाही म्हणून ‘आजी आजारी होती’ सांगितलं असतं, तर तुम्ही खपवून घेतलं नसतं. गावात ‘सुपरवायझर’ आजही तुम्हीच चालू ठेवलाय. म्हणजे चवथीला घरी आला तरी गणपतीवरच्या माटोळीखाली बसून त्यानं काकांसमोर तेच नाटक करायचं. आपल्या गोव्याला हे नवं नाही. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, कमरेला सोनं बांधून घरी यायचे, पण बोटीवर कांदे सोलतो की केबिनी झाडतो, हे त्यांना कुणी विचारत नव्हतं आणि ते सांगत नव्हते. आखातात गेलेल्यांचंही तेच. पैसा यायचा, घराला स्लॅब पडायची, काम मात्र ‘कंपनीत’. स्विंडनला, म्हणजे लंडनपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, हजारो गोंयकार राहतात आणि त्यांतले पुष्कळजण गोदामांत आणि कारखान्यांतच राबतात. गावात मात्र सगळे ‘लंडनला’ असतात.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. लेकीकडे दुबईला गेले तेव्हा चौथ्या दिवशी तिच्या मसाल्यांच्या बरण्या ‘नीट’ लावून ठेवल्या. ती काही बोलली नाही. परत आल्यावर व्हिडिओ कॉलवर मागे बघते तर सगळ्या बरण्या जुन्या जागी. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की मी पाहुणी म्हणून गेलेच नव्हते, तपासणीला गेले होते.

‘परत ये’ एवढ्यात म्हणू नका. यजमानांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातला, म्हणून लिस्बनला नोंदणी झाली आणि मुलाला पासपोर्ट मिळाला. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्या दिवशी त्याचं भारतीय नागरिकत्व गेलं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) घेऊन तो इथे राहू शकेल, खासगी नोकरी किंवा धंदा करू शकेल, वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, त्याच्याकडे येऊ शकेल. मत देता येणार नाही, आणि आपल्याकडे प्रत्येक आईच्या मनात असते ती सरकारी नोकरी तर नाहीच नाही. यायचं की राहायचं हा हिशेब त्यानं करायचाय, तोही तुमच्याशी खरं बोलून झाल्यावर. आत्ता तुम्ही ‘परत ये’ म्हणालात तर त्याला एवढंच ऐकू येईल : आईला माझी लाज वाटते.

तेव्हा जा. पण तीन महिने नको, तीन आठवडे पुरेत. एका खोलीत तीन महिने नवरा-बायकोचंही पटत नाही. जून-जुलै बघा, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारला काळोख पडतो आणि तो झोपलेला असताना तुम्ही भिंतीकडे बघत बसाल. तिकीट पेन्शनमधून स्वतः काढा, परतीच्या तारखेसकट. जुना व्हिसा सहा महिन्यांचा असेल तर संपला असेल. आता दोन वर्षांचा मागता येतो, फी जास्त पडते, पण एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. प्रवास विमा काढाच. पाहुण्यांना तिथलं सरकारी इस्पितळ फुकट नसतं. आपत्कालीन कक्षात तपासतात, पण दाखल केलं की बिल दीडपट दरानं लागतं.

खोलीवर पाहुणा चालतो का, हे त्याला मालकाला आधी विचारायला लावा. चालत नसेल तर जवळपास थोडे दिवस वेगळी खोली घ्या. यात अपमान वाटून घेऊ नका. तो झोपलेला असताना गावातल्या वाचनालयात जाऊन बसा, तिथे कुणी पैसे मागत नाही. न्यायचं असेल तर तिरफळं न्या, सोलां (आमसुलं) न्या. तूप आणि पेढे राहू द्या, दूधदुभत्याचे पदार्थ आपल्याकडून तिथे नेता येत नाहीत. अख्खं सुकं खोबरं विमानात घेत नाहीत. आणि बांगडे तळू नका, हुमण (माशांची आमटी) करा. झाकण ठेवून शिजवलं तर भोंग्याला पत्ता लागत नाही. भात कधी हवा, ते त्याला विचारा.

तिकिटाच्या आधी मात्र एक काम आहे. जाऊबाई पुढच्या वेळी विचारतील, एवढं शिकवून काय झालं, तेव्हा शाळेत सांगायचात तशा स्वच्छ आवाजात सांगा, ‘गोदामात रात्रपाळी करतो. खोकी भरतो. मी गेले तेव्हा मला पलंग दिला आणि स्वतः खाली झोपला.’ मग त्याच्या सुट्टीच्या दिवशी फोन लावा. आपल्या सकाळी नाही, तेव्हा तिथे पहाट असते. त्याला सांगा, काकीला खरं सांगितलं म्हणून. तो बराच वेळ गप्प राहील. फोन कट झाला असं समजून ‘हॅलो, हॅलो’ करू नका.

तुमची,
ताई