घरातील ऑर्किडला वर्षभर पाणी किती आणि केव्हा द्यावे?
घरोघरी दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडला वार ठरवून नव्हे, तर मुळे पाहून पाणी द्यावे. कोरडी मुळे चंदेरी-राखाडी दिसतात आणि पाणी लागताच डोळ्यांदेखत हिरवी होतात. उन्हाळ्यात साधारणपणे दर 3-4 दिवसांनी, तर थंडीत आठवड्यातून एकदा पाणी पुरते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मात्र हवाच इतकी दमट असते की कुंडीत मातीऐवजी भरलेले झाडाच्या सालीचे तुकडे वरून सुकलेले वाटले तरी आतून ओलेच राहतात, म्हणून बोट खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालूच नये. पाणी सकाळी, तळातून निथळेपर्यंत द्यावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. पानांच्या बेचक्यात राहिलेले थेंब कापसाने अवश्य टिपावेत, कारण तेथूनच शेंडा कुजतो आणि या झाडाला वाढीचा शेंडा सहसा एकच असतो.