मानवी हक्कांच्या युरोपियन कन्व्हेन्शनमधलं (युरोपातल्या देशांमधला हक्कांचा करार) कलम 14 एकट्याने वापरता येतं का?

नाही, एकट्याने नाही चालत. कलम 14 सांगतं की कन्व्हेन्शनमधले हक्क देताना भेदभाव करायचा नाही, म्हणजे तुमचा मुद्दा शिक्षण, कुटुंब, मालमत्ता अशा कुठल्यातरी हक्काच्या कक्षेत यायलाच हवा, पण त्या हक्काचा भंग झालाय हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. भेदभावावर स्वतंत्र बंदी हवी असेल तर प्रोटोकॉल 12 (कन्व्हेन्शनला जोडलेला पूरक करार) आहे, 2005 पासून लागू, पण ब्रिटन, फ्रान्ससारख्या देशांनी तो स्वीकारलेलाच नाही, हे मला खरंच खटकतं.

केस वाचायची तर चेक प्रजासत्ताकाविरुद्धची 2007 ची, युरोपियन मानवी हक्क कोर्टाच्या ग्रँड चेंबरची (त्याच्या मोठ्या खंडपीठाची) वाचा. तिथल्या ऑस्ट्राव्हा शहरातल्या रोमा (युरोपातला एक अल्पसंख्याक समाज) मुलांना मतिमंद मुलांसाठीच्या स्पेशल शाळांत टाकलं जायचं, नियम कागदावर सगळ्यांना सारखाच, पण परिणाम मात्र रोमा मुलांवरच जास्त. कोर्टाने आकडेवारी पुरावा म्हणून धरली, मग भेदभाव नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारवर आली, आई-वडिलांची संमती होती हा बचावही चालला नाही. हेतू सिद्ध करायची गरज नाही हे त्यात स्पष्ट झालं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच.

अमेरिका खंडांतल्या देशांच्या मानवी हक्क कराराचं, म्हणजे अमेरिकन कन्व्हेन्शनचं कलम 24 आणि आफ्रिकेतल्या तशाच कराराचं, म्हणजे आफ्रिकन चार्टरचं कलम 3 मात्र कायद्यापुढची समानता थेट देतात, तिथे ही अडचण नाही.