युद्धात बॉम्बर विमानातला नेव्हिगेटर नेमकं काय करायचा? तुमच्या माहितीत कुणी होतं का?

आमच्या आजीचा धाकटा भाऊ हवाई दलात, कॅनबेरा या बॉम्बर विमानावर नेव्हिगेटर होता. १९७१ च्या डिसेंबरात गेला, २४ वर्षांचा.

त्या काळी नेव्हिगेटरच्या छातीवरच्या बिल्ल्याला एकच पंख असायचा. आजीने विचारलं होतं, "दुसरा हरवलास का रे?"

कॅनबेरात माणसं दोनच. वैमानिक वर, नेव्हिगेटर पुढे नाकात. हल्ले बहुतेक रात्रीचे, खाली ब्लॅकआउट. हाताशी नकाशा, पेन्सिल, स्टॉपवॉच आणि वाऱ्याचा हिशेब. ४२० नॉट्सने मिनिटाला १३ किलोमीटर मागे पडतात. अर्धं मिनिट चुकलं की गाव चुकलं. चांदणं असेल तर नदी, रूळ दिसायचे, हिशेब ताडून बघता यायचा. शेवटी पालथं पडून बॉम्बचा नेम धरायचा तोही त्यानेच.

एक गोष्ट मला अजून पचत नाही. हल्ल्याच्या बी(आय)५८ कॅनबेरात इजेक्शन सीट फक्त वैमानिकाला होती. नेव्हिगेटरने दारापर्यंत जाऊन उडी मारायची! सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने आपलं एक कॅनबेरा पाडलं, तेव्हा वैमानिक वाचून युद्धकैदी झाला, नेव्हिगेटर गेला.

७१ च्या डिसेंबरात इकडे गिरगावात पणजोबा खिडक्यांच्या काचांना खळीने काळा कागद चिकटवत होते. फट राहिली की खालून पोरं ओरडायची, "दुसरा मजला, दिवा!" त्याच आठवड्यात तार आली. 'बेपत्ता'. 'मृत समजण्यात येत आहे' हे पत्र फार नंतर. तेरावा मोजायचा कुठून? तिथीच माहीत नाही, म्हणून गुरुजींनी सर्वपित्री अमावस्या सांगितली. पणजोबांनी ती पाळली.

आजीने नाही. भाऊ जवळ नसला की भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तसं ती तेव्हापासून ओवाळते. बीजेची कोर सूर्यामागोमाग मावळते, शिवाय आता दादरला समोर टॉवर झालाय, गच्चीच्या एका कोपऱ्यातूनच जेमतेम दिसते. गेल्या दिवाळीत म्हणाली, "मोबाइलवर बघ रे, मावळतो कधी." मी वेळ सांगितली. निरांजन, सुपारी, अक्षता सगळं ताटात घेऊन ती अर्धा तास आधीच त्या कोपऱ्यात उभी.