पबात वाजवताना घरघर येते, काय करू?

प्रश्न: ताई, मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. लॅपटॉप, छोटा सिंथ आणि ड्रम मशीन घेऊन एकटाच इलेक्ट्रॉनिक म्युझिक करतो. परवा एका छोट्या पबात पहिल्यांदा वाजवलं तर स्पीकरमधनं सारखी घरघर, आणि घरी हेडफोनवर भारी वाटणारा पॅड (मागं लांब रेंगाळणारा सुरांचा थर) तिथं गायबच. लोक गप्पा मारत बसले. सोडून देऊ का?

उत्तर: अजिबात नको रे! घरघर बहुतेक ग्राउंड लूपची, म्हणजे अर्थिंगला दोन वाटा मिळून त्यात वीज फिरत राहते त्याची असणार, लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की होतं असं. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघ, आवाज थांबला तर दुखणं तिथंच आहे, मग ग्राउंड लिफ्टवाला डीआय बॉक्स घे, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी पेटी, तिच्या बटणानं आवाजाच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी सुटते. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणीही सांगितलं तरी तोडायची नाही, जिवाशी खेळ आहे तो.

पॅडचं म्हणशील तर बऱ्याच छोट्या जागी स्पीकर मोनोवर जोडलेले असतात, डावी-उजवी बाजू एकत्र आली की खूप पसरवलेला आवाज एकमेकाला खाऊन टाकतो, म्हणून घरीच मास्टरवर मोनोचं बटण दाबून सगळा सेट ऐकून घ्यायचा. मोकळ्या गच्चीवर असशील तर रात्री १० च्या आत आवर, त्यानंतर उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी असते.

आणि मिरज शेजारी आहे तुझ्या! तिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, एखाद्या कारागिराला विचारून त्याचा झंकार रेकॉर्ड कर आणि सेट त्यानंच सुरू कर, गप्पा मारणारे पण मान वळवतील बघ.