वाचकांचे प्रश्न : मनिलाच्या रंगमंचावरील रामकथा

प्रश्न : फिलिपिन्समधील एका बॅले संस्थेने रामायणावर नृत्यनाट्य केले असून त्यात एकाच पात्रासाठी दोन कलावंत असतात, असे वाचनात आले. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या देशात ही कथा कशी रुजली आणि दोन कलावंतांमुळे रसभंग होत नाही का?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. ‘रामा, हारी’, म्हणजे ‘राजा राम’, हे नृत्यनाट्य ‘बॅले फिलिपिन्स’ने १९८० साली मनिलाच्या कल्चरल सेंटर ऑफ द फिलिपिन्समध्ये प्रथम सादर केले. नृत्यरचना संस्थेच्या संस्थापिका ॲलिस रेयेस यांची, संहिता आणि गीते कवी बिएनवेनिदो लुम्बेरा यांची, संगीत तेव्हा पंचविशीच्या आसपास असलेल्या रायन कायाब्याब यांचे आणि रंगमंचाची मांडणी साल्वादोर बेर्नाल यांची होती. या चौघांनाही पुढे ‘राष्ट्रीय कलावंत’ हा त्या देशाचा सर्वोच्च कलासन्मान मिळाला : बेर्नाल यांना २००३ मध्ये, लुम्बेरा यांना २००६ मध्ये, रेयेस यांना २०१४ मध्ये आणि कायाब्याब यांना २०१८ मध्ये.

रामकथा त्या भूमीला परकी नाही. दक्षिणेकडील मिंदानाओ बेटावर लानाओ सरोवराच्या काठी राहणाऱ्या मरानाओ या मुस्लिम समाजात ‘महारादिया लावाना’ नावाची मौखिक कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जात होती आणि अभ्यासक हुआन फ्रान्सिस्को यांनी ती १९६०च्या दशकाच्या अखेरीस उजेडात आणली. तिच्यातला रावण आठ तोंडांचा असून त्याच्या चहाडखोर जिभांमुळे राज्यात अनर्थ होतो, म्हणून त्याला हद्दपार केले जाते. लक्ष्मणाचे नाव तर तिथे चक्क वानराला मिळाले आहे. लुम्बेरांनी मात्र आपल्या संहितेसाठी हे स्थानिक रूप न घेता राम, सीता, रावण या ओळखीच्या नावांची भारतीय कथाच घेतली आणि ती फिलिपिनो भाषेत गायला लावली.

आता दोन कलावंतांविषयी. प्रमुख पात्राचा एक नर्तक आणि एक गायक असतो आणि दोघेही प्रेक्षकांसमोर असतात. पहिल्या प्रयोगात रामाचे गाणे बासिल व्हाल्देझ यांच्याकडे आणि नृत्य नोनोय फ्रोइलान यांच्याकडे होते. सीतेसाठी कू लेदेस्मा गायल्या आणि एदना विदा नाचल्या. व्हाल्देझ आणि लेदेस्मा हे त्या काळातले अतिशय लोकप्रिय गायक होते, त्यामुळे बॅलेकडे एरवी न फिरकणारा श्रोताही या प्रयोगाला येऊ शकत होता. उड्या, गिरक्या आणि जोडीदाराला उचलून धरणे चालू असताना लांब स्वर धरून गाणे कोणाच्याही छातीला झेपणारे नाही, ही यामागची व्यावहारिक अडचण उघड आहे. पण माझ्या मते या विभागणीचे खरे मोल विरहाच्या प्रसंगात कळते. ‘मागबालिक का ना, महाल’, म्हणजे ‘प्रिये, आता परत ये’, हे त्यातले गीत आजही स्वतंत्रपणे गायले जाते. एकच दुःख एका देहात थरथरते आणि दुसऱ्याच्या कंठातून ऐकू येते, तेव्हा रसभंग होण्याऐवजी पात्राचे अंतरंगच उघडे झाल्यासारखे वाटते. शिवाय गाणे प्रेक्षकांच्या रोजच्या भाषेत असल्यामुळे कोण कोणाशी काय बोलत आहे, हे समजून घ्यायला माहितीपत्रक चाळावे लागत नाही. २०१२ साली हा प्रयोग पुन्हा उभा राहिला, तेव्हाही क्रिस्तियन बाउतिस्ता आणि कारिल या लोकप्रिय गायकांना घेऊन हीच रीत पाळण्यात आली.

प्रश्न : हा एकमेव प्रयोग की अशी परंपराच आहे?

उत्तर : परंपराच आहे, असे म्हणायला हरकत नाही. ‘बॅले फिलिपिन्स’ची स्थापना १९६९ची. रेयेस यांची ‘आमादा’ ही आरंभीची रचना निक होआकिन यांच्या कथेवर आधारलेली असून, संत जॉनच्या उत्सवाच्या दिवसांत स्त्रियांनी पाळलेल्या एका प्राचीन विधीभोवती ती फिरते. १९७७ च्या ‘टेल्स ऑफ द मानुवू’मध्ये मिंदानाओच्या मानुवू लोकांच्या सृष्टिकथा रॉक संगीतावर नाचल्या गेल्या, त्याचीही संहिता लुम्बेरा यांचीच होती. पुढे दावाओच्या ॲग्नेस लोक्सिन यांनी आदिवासी समाजांच्या नृत्यातील वाकलेले गुडघे आणि जमिनीला धरून राहणारी चाल घेऊन वेगळीच शैली घडवली. त्यांच्या ‘एन्कांतादा’ या रचनेत डोंगराची रक्षणकर्ती अद्भुत स्त्री आणि स्पॅनिश अमदानीतला समाज समोरासमोर येतात. ‘स्वान लेक’, ‘जिझेल’ आणि नाताळातले ‘नटक्रॅकर’ही या संस्थेने केले आहे, परंतु तिची ओळख घडली ती स्वतःच्या मातीतल्या पात्रांमुळे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : लहान मुलांना दाखवण्याजोगे काही आहे का?

उत्तर : त्यासाठी ‘बॅले मनिला’ या दुसऱ्या संस्थेकडे वळावे. तिच्या संस्थापिका लिसा माकुहा यांनी लेनिनग्राडच्या वागानोवा अकादमीत शिक्षण घेतले आणि तिथल्याच किरोव्ह बॅलेत त्या एकल नर्तिका होत्या, त्यामुळे संस्थेची तालीम रशियन शिस्तीची असते. तरीही मुलांसाठी त्यांनी निवडली ती लोला बास्यांग, म्हणजे सेव्हेरिनो रेयेस यांनी १९२५ पासून ‘लिवायवाय’ साप्ताहिकातून घरोघर पोहोचवलेली गोष्टीवेल्हाळ आजी. पक्ष्यांचा राजपुत्र आणि जादूचे व्हायोलिन या तिच्या गोष्टी बॅलेत आल्या आहेत. पहिल्यांदाच बॅले पाहणाऱ्या मुलाला मी दीर्घ अभिजात रचनेपेक्षा याच गोष्टी आधी दाखवीन, कारण त्या आटोपशीर आहेत.