'वय झालं' म्हणून थांबू नका

गेले काही महिने वाचकांच्या पत्रांतून एकच विषय फिरून फिरून येतो आहे : शरीर कायमचं टिकेल का, चेतना टिकेल का, निदान विश्व तरी टिकेल का? मी वृद्धांचे आजार बघणारा डॉक्टर. तेवढ्या मर्यादेत उत्तरं देतो.

प्रश्न : माणूस दीडशे वर्षं जगू शकेल का?

आजवर कोणी जगलेलं नाही. कागदपत्रांनी सिद्ध झालेलं सर्वांत मोठं वय फ्रान्समधल्या झान काल्माँ यांचं, १२२ वर्षं १६४ दिवस.

प्रश्न : पेशींचं वय मागे नेणाऱ्या कॅप्सूल वडील (७१) घेतात. त्यामागे नोबेल मिळालेलं संशोधन आहे म्हणे. चालू ठेवाव्यात का?

नोबेल खरं आहे, पण त्यातून ही कॅप्सूल निघालेली नाही. आपल्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमेअर, दर विभाजनात झिजतात. त्या टोकांवरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. विकणारे इथेच थांबतात. पुढचं मी सांगतो. कर्करोगाच्या बहुतेक पेशी हीच झीज भरून काढतात, म्हणून त्या मरत नाहीत. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईंच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढताहेत. बाई मात्र त्याच वर्षी, ३१ व्या वर्षी गेल्या.

माणसाचं म्हातारपण थांबवते असं सिद्ध झालेली एकही गोळी आज बाजारात नाही. आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या मात्र आहेत, रक्तदाबाच्या. नव्या कॅप्सूलच्या भरवशावर वडिलांनी त्या सोडल्या तर नाहीत ना, हे आज रात्रीच डबा उघडून बघा. सोबत कोणी बिनलेबलाच्या भस्माच्या पुड्या दिल्या असतील तर त्याही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत शिसं, पारा सापडतो आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात.

प्रश्न : परदेशात मृतदेह गोठवून ठेवतात. पुढे जिवंत करता येईल का?

अमेरिकेत जेम्स बेडफर्ड यांचा देह १९६७ मध्ये गोठवला, तो अजून तसाच आहे. उणे १९६ अंशांतून आजवर एकही माणूस परत आलेला नाही. पैसे भरण्याआधी वकिलांशी बोला. आपल्या देहाचं पुढे काही चांगलं व्हावं असं वाटत असेल तर नेत्रदानाचं घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. ते मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं, आणि बहुतेक घरांत ते तास फोनाफोनीतच जातात.

प्रश्न : विश्व तरी कायम राहील का?

हा माझा विषय नाही, खगोलशास्त्रज्ञांना विचारा. मला ठाऊक आहे ते एवढंच : सूर्याला अजून सुमारे ५०० कोटी वर्षं आहेत आणि विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने चाललंय, हे १९९८ मध्ये कळलं. विश्वाला मुळात आरंभच नसावा, असं मत डॉ. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर मांडलं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही.

प्रश्न : आई ८३ वर्षांची आहे. आठ दिवसांपासून रात्री उठून भलतंच बोलते, दिवसा गुंगीत असते, मलाही ओळखत नाही. काका म्हणतात, चेतना शरीर सोडू लागली आहे, आता डॉक्टरांच्या मागे लागू नका. त्यांचं ऐकावं का?

नाही. तिला आजच दवाखान्यात न्या, हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी.

चेतना अमर आहे की नाही, हे मला तपासता येत नाही आणि काकांच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. ती कशाने झाकोळली आहे, हे मात्र तपासता येतं. विस्मरणाचा आजार महिनोन् महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. आठ दिवसांत माणूस असा बदलला तर बहुतेक वेळा शरीरात काहीतरी नवं बिघडलेलं असतं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग. सोडियम उतरणं, जे रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्यांनीही होतं. साखर कमी होणं. लघवी तुंबणं. शेजारणीने दिलेली झोपेची गोळी. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं, वेळेत आलात तर. 'वय झालं, चालायचंच' हे वाक्य ऐकून उशिरा आलेली माणसं मी रोज बघतो. आठवड्यापूर्वी आणलं असतं तर, असं प्रत्येक वेळी वाटतं आणि ते नातेवाइकांना सांगवतही नाही.

सोडियम कमी असेल म्हणून घरी मीठ चाटवू नका. ते किती आणि किती वेगाने वाढवायचं हे रक्त तपासून रुग्णालयातच ठरतं, घाईने वाढलं तर मेंदूला इजा होते.

गेल्या दोन-तीन महिन्यांत ती पडली होती का? न्हाणीघरात नुसती घसरली, डोकं जरासं आपटलं, टेंगूळही आलं नाही, तरीही डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. या वयात डोक्यात रक्त हळूहळू साकळत जातं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अधिकच, आणि लक्षणं कित्येक आठवड्यांनी दिसतात. सीटी स्कॅनमध्ये ते कळतं.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला, चूर्णंसुद्धा. आणि रात्री तिच्याजवळ जे कोणी झोपतं त्याला बरोबर न्या. ती रात्री कशी असते हे त्यालाच नीट सांगता येईल.